न धावलेले ऐंशी किलोमीटर

१

"रडणाऱ्याची फार काळजी करू नका. जो गप्प होतो, त्याच्याकडे आधी बघा."

नर्सबाईंनी हे मला जिन्यात सांगितलं होतं, एक हात कठड्यावर ठेवून. त्या माझ्या धाकट्या जावेच्या बाळाचं वजन करायला आल्या होत्या. माझ्या कडेवर तीन वर्षांची ठकी होती. तिची छाती सकाळपासून बारीक शिट्टीसारखी वाजत होती. दम्याच्या मुलांबद्दल छापील जे काही सापडेल ते मी वाचून ठेवलेलं होतं. छाती वाजतेय तोवर हवा आत जातेय. वाजायची थांबली की धावायचं. मला हे पाठ होतं.

"हो हो, माहीत आहे मला," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

बाई दारापलीकडे क्षणभर उभ्या होत्या. फटीखालून त्यांच्या चपलांची सावली दिसत होती. मग ती गेली.

पुढचा बुधवार. उन्हाळा असा, की दुपारी अख्खी इमारत पाण्याखाली बुडाल्यासारखी शांत. त्या दिवसांत मी नीट झोपतही नव्हते आणि नीट जागीही नव्हते. नवरा रविवारी सकाळी तीन आठवड्यांच्या कामासाठी परगावी गेला होता आणि घरातली पहाऱ्याची पाळी माझ्यावर आली होती. ठकीचा ताप, बाळाचं दूध, गॅसचं बटण, खिडकीची कडी... मी सगळ्यांवर नजर ठेवून होते. निदान तशी माझी समजूत होती.

पाचच्या सुमारास ठकीची शिट्टी वाढली. इनहेलर दोनदा दिला, उतार नाही. मुलांचे डॉक्टर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सतरा किलोमीटरवर. टॅक्सीला पंचवीस मिनिटं लागतील म्हणाले. मी ठकीला उचललं. आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, नुकत्याच राहायला आल्या होत्या. त्या "चल, मी मागे बसते" म्हणत निघाल्यासुद्धा. दारात धाकटी जाऊ बाळाला बाबागाडीतून घेऊन परत येत होती. तिने न बोलता आम्हाला वाट दिली. जाता जाता मी सवयीने बाळाच्या गालाला हात लावला. गार होता, आत्ताच पुसलेल्या फरशीसारखा. बरं वाटलं. एकाला तरी ताप नाही.

तळघरात गाडीशी पोचले. बटण दाबलं. आमची गाडी विजेची. तिचं चालू होणं ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. हिरवे आकडे उमटले.

९ टक्के.

रविवारी संध्याकाळी ३८ होते. मी स्वतः पाहिले होते. आणि तेव्हापासून गाडी जागची हललेली नव्हती.

२

"बावीस किलोमीटर जाईल म्हणतेय," मी म्हटलं.

"आणि जायचंय सतरा. निघ," आत्या म्हणाल्या.

आरशात मला मागचा रस्ता दिसायला हवा होता; दिसला ठकीचा चेहरा. आत्यांचा धक्का लागून आरसा खाली झुकला असेल, असं वाटलं. मी तो तसाच राहू दिला. तिचे ओठ दिसत होते, ते निळे पडत नव्हते, मला तेवढं पुरे होतं.

पण पडद्यावरचे किलोमीटर रस्त्यापेक्षा भराभर संपत होते. बावीसचे सतरा, सतराचे बारा. उड्डाणपूल चढताना माझा धीर सुटला आणि एका मोठ्या दुकानामागच्या फास्ट चार्जरपाशी मी वळले. तिथे एक पांढरी गाडी केबल लावून उभी. मालकाचा पत्ता नाही. तिच्या पडद्यावर ९३.

"शंभरला सातच टक्के उरलेत, होईलच आता," मी म्हटलं.

"नाही होणार." आत्या तीस वर्षं वीज कंपनीत मीटर तपासायच्या. तारेवर आकडा टाकणारे, मीटरात चुंबक ठेवणारे, सगळे त्यांनी पकडलेले. "बादली भरत आली की आपण नळ बारीक करतो ना, तसंच आहे हे. ऐंशीपर्यंत धावतं, पुढे चालतं, आणि शेवटचे चार-पाच टक्के तर नुसतं रांगतं."

दहा मिनिटं गेली. ९६. ठकी वाजत होती. मी त्या वाजण्याला धरून बसले होते.

तेवढ्यात दोन पिशव्या घेऊन एक गृहस्थ आले. "शंभर करूनच निघावं म्हटलं."

"शहाण्णववर निघालात तर काय उपाशी मराल?" आत्यांनी स्वतःच त्यांच्या हातात केबल दिली.

आमची गाडी तहानलेली, त्यामुळे झरझर प्यायली. नऊ-दहा मिनिटांत पंचवीसच्या घरात. डॉक्टरांनी वाफ दिली. तासाभरात ठकी माझ्या खांद्यावर झोपली, तोंड उघडं टाकून, बिनआवाजी, आणि डॉक्टर म्हणाले की हा चांगला बिनआवाज आहे.

घरी सासरे, म्हणजे बाबा, वही घेऊन दारातच उभे. बाबा एकतीस वर्षं पेट्रोल पंपाचे मॅनेजर होते. गेल्या वर्षी आम्ही त्यांची जुनी गाडी विकून ही घेतली, ती त्यांच्या मनाला अजून लागलेली.

"पेट्रोलची असती तर पाच मिनिटांत टाकी फुल्ल करून पोचली असतात," ते म्हणाले. आवाज चढा होता, पण हात ठकीच्या पाठीवरून अगदी हळू फिरत होता.

त्यांच्या वहीत दोन रकाने. डावीकडे जुनी गाडी, उजवीकडे ही. जितक्या पैशांत जुनी एक किलोमीटर जायची, तितक्यात ही घरच्या विजेवर सहा जाते; बाहेरच्या फास्ट चार्जरवर जेमतेम तीन. हे गणित बाबांनीच मांडलं होतं आणि उत्तर आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. आमच्या इमारतीत तळघरात चार्जिंगचे दोनच पॉइंट, गाड्या अकरा. आमची पाळी गुरुवारी आणि शनिवारी. गेल्या शनिवारी केबल लावायची राहून गेली होती.

आत्यांनी वही उघडली. रविवार: ३८ टक्के, किलोमीटर २१४०६. मघाशी निघताना त्यांनी पाहून ठेवलेले किलोमीटर: २१४०६. तेच.

"एकोणतीस टक्के म्हणजे जवळजवळ बारा युनिट," आत्या पुटपुटल्या. "एवढ्यात ही गाडी ऐंशी किलोमीटर धावते. धावली तर नाही. मग खाल्ले कोणी?"

"सांगतो कोणी ते," बाबा म्हणाले. "दुसरी किल्ली रोज सकाळी कोणाच्या हातात असते?"

३

दुसरी किल्ली असायची गाड्या धुणाऱ्या मावशींच्या हातात. आतून पुसायला लागते म्हणून; काम झालं की ती परत आमच्या दाराजवळच्या खिळ्यावर.

बाबांनी त्याच संध्याकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन केला. ठरलं: रविवारच्या बैठकीत विषय निघणार. तोवर दुसरं कोणी सापडलं नाही तर मावशींना इमारतीचं दार बंद. अकरा गाड्या एका झटक्यात जाणार. मावशींची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ते शिक्षण या अकरा गाड्यांच्या पाण्यावर चाललं होतं. इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं.

"दादा, पुरावा काय?" आत्यांनी विचारलं.

"तिचा फोन मी गाडीत चार्जिंगला लावलेला पाहिलाय."

"फोनने बारा युनिट खायला तिला तो दोन वर्षं रोज लावावा लागेल."

"आली मोठी मीटर!"

"हो, मीटरच. आणि मीटर तुझ्याकडेही बघतंय. पेट्रोलची गाडी परत यावी अशी घरात सगळ्यात जास्त इच्छा कोणाची आहे? दुपारी खाली जाऊन दिवे लावून येत नाहीस ना?"

बाबा इतके रागावले की हसले. धाकटी बाळाला मांडीवर घेऊन दाराच्या कडेला बसली होती. तिने फक्त कप उचलले आणि आत गेली.

गुरुवारी सकाळी आठला आम्ही मावशींना तळघरात गाठलं. तिथला उजेड कायम पहाटेचा असतो; वर ऊन कितीही असो, खाली सगळं निळसर आणि लांबचं. मावशी फडकं पिळत होत्या.

"किती वाजेपर्यंत असता?" आत्या.

"नऊ. नाहीतर साडेनऊ. पुढे दुसऱ्या इमारतीत."

"गाडीत काही वेगळं दिसलं का हो?"

मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं. बराच वेळ. "मी पुसते ते पुसते, बाई. काय पुसलं ते सांगायचे पैसे मला कोणी देत नाही."

"रविवारी बैठक आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे." त्यांनी फडकं झटकलं. "काढा मला. सांगणार नाही म्हटलं तर नाही."

याचा अर्थ सांगण्यासारखं काहीतरी होतं.

संध्याकाळी धाकटे दीर सापडले. भाऊजी लाकडी फर्निचरच्या कारखान्यात काम करतात. सकाळी आठला जातात ते सातला येतात, केसांत भुसा घेऊन.

"तुमचं ते ड्रिल गाडीच्या विजेवर चालवता म्हणे," आत्या म्हणाल्या.

"एकदा चालवलं, तेही दादा परगावी जायच्या आधी त्याला विचारून! डिकीतलं सॉकेट वर्षात उघडलं नसेल. वहिनी, तुम्ही तरी सांगा ना. मी घरचा चोर वाटतो का?"

"दिसता तसेच," मी म्हटलं. पण डिकीतल्या सॉकेटचं झाकण उचललं तर आत कोळ्याचं जाळं, अख्खं, न फाटलेलं. भाऊजी सुटले.

रात्री जेवताना बाबांनी गाडीला केबल लावल्याचं जाहीर केलं. ताटावरून धाकटीने मान वर केली.

"सकाळपर्यंत किती होईल?"

दोन दिवसांत तिने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं, की चला, ही घरात लक्ष घालायला लागली.

"नव्वद," बाबा म्हणाले.

तिने मान हलवली, आणि मला उगाच वाटलं की ती मनातल्या मनात कशाला तरी गुणतेय.

४

शुक्रवारी सकाळी आत्या गाडीत जाऊन बसल्या. स्वयंपाकघरात बसावं तशा, मांडी घालून.

"लोक चोराला शोधतात," त्या म्हणाल्या. "मी विजेला शोधायचे. वीज कुठे गेली ते कळलं की माणूस त्याच्या शेजारीच बसलेला असतो. आता मला सांग, तीन दिवसांत बारा युनिट, म्हणजे दिवसाला चार. आवाज नाही, धूर नाही, गाडी हलत नाही. काय चाललं असेल?"

मी एसीच्या बटणाकडे बघितलं.

"शाबास. उभ्या गाडीत या दिवसांत एसी तासाला सव्वा युनिट खातो. दिवसाला तीन-साडेतीन तास. पेट्रोलच्या गाडीत कोणी असं बसलं असतं तर इंजिनाच्या घरघरीने पहिल्या दिवशीच वॉचमन आला असता. ही गप्प. कोणाला पत्ताच लागला नाही."

"वॉचमनच बसत असेल मग. गारव्याला."

"गारव्याला बसणारा पंखा कितीवर ठेवेल?"

मी बघितलं. पंखा एकवर होता. तापमान सव्वीस. आणि मधल्या दोन्ही झरोक्यांची तोंडं छताकडे वळवलेली. हवा येईल पण झोत लागणार नाही, अशी.

ठकी लहान असताना मी झरोके असेच वळवायचे.

"आणि हे." आत्यांनी बटव्यातून एक चिठोरं काढलं. बुधवारी डॉक्टरांकडे थांबलेलो असताना त्यांना ते पुढच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेमागे सापडलं होतं. पेन्सिलीने तीन ओळी:

३८ – १०६
२८ – ७८
१९ – ५३

"बाबांचं गणित असेल," मी म्हटलं. "किलोमीटरमागे खर्च."

"दादाला विचारलं. तो म्हणाला, त्याच्या वहीबाहेर तो एक आकडा टाकत नाही. आणि यात खर्च कुठाय? एका टक्क्यात ही गाडी दोन पूर्णांक आठ किलोमीटर जाते. अडतीस टक्क्यांत एकशे सहा. सोमवार, मंगळवार, बुधवार. कोणीतरी रोज गाडीत बसून बघत होतं, आज किती लांब जाता येईल."

"मग गेलं का नाही?"

आत्यांनी चिठोरं माझ्या तळहातावर ठेवलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"तू माहेरी जायला निघालीस की काय बघतेस? एकशे सहा किलोमीटर असतील तर म्हणतेस, म्हणजे त्रेपन्नपर्यंत जाता येईल. विजेच्या गाडीवाला प्रत्येक माणूस निम्मं धरतो. परत यायचं असतं ना. इथे कोणी निम्मं धरलेलं नाही, पोरी."

५

आम्ही पहारा ठेवायचं ठरवलं. सकाळी आठला गाडीत ९० टक्के. मावशी गेल्यावर दहाला, ९०. मावशी सुटल्या; वीज जाते ती दुपारी. एक वाजता मी, आत्या आणि बाबा तिघे खाली गेलो. ९०.

"नव्वदच? टाकी कधी अपुरी ठेवू नये," बाबा म्हणाले.

"ही टाकी नाही, दादा. आणि आज आपली पाळीही नाही."

बाबा पुटपुटत मागे रेंगाळले. आम्ही दोघी वर आलो. चारला परत बघायचं ठरलं.

दीडच्या सुमारास धाकटी माझ्या खोलीच्या दारात आली. बाळ खांद्यावर झोपलेलं.

"ताई, आज याला तुमच्याकडे ठेवू? दूध काढून ठेवलंय. मी जरा... पडते."

"अगं ठेव ना! रोज कशाला उन्हात फिरवतेस त्याला?"

तिने बाळाला ठकीशेजारी ठेवलं. दुपटं सारखं केलं. मग पुन्हा सारखं केलं. ते आधीच सारखं होतं.

मी दोन्ही पोरांच्या मध्ये आडवी झाले. पलीकडच्या खोलीत बाबा घोरत होते. त्यांचं घोरणं म्हणजे पंपावरचा जुना कॉम्प्रेसर; दीडला सुरू होतं ते चारला थांबतं. पडल्या पडल्या मला हसू आलं. बाबाही सुटले. त्यांचं घोरणं हीच त्यांची साक्ष. भाऊजी कामावर, मावशी दुसऱ्या इमारतीत, बाबा इथे, आत्या बाहेर शब्दकोडं सोडवताना पेन्सिल आपटतायत. घर कसं ऐकू येत होतं. मी डोळे मिटून एकेक आवाज मोजला, जशी लहानपणी मेंढ्या मोजायचे.

एक कमी होता.

धाकटीच्या खोलीतून काहीच येत नव्हतं. ना पंख्याचा आवाज, ना कूस बदलल्याचा. सोमवारपासून रोज दुपारी येत नव्हतं, कारण ती बाळाला फिरवायला नेते. एक ते साडेचार. या उन्हात. आणि बाळ परत येतं ते गार गाल घेऊन.

गार गाल. मी उठून बसले. छताकडे वळवलेले झरोके. रस्त्याऐवजी मागच्या सीटकडे झुकलेला आरसा. आत्यांचा धक्का त्याला लागलाच नव्हता, पुढे बसून मागच्या बाळाकडे कोणीतरी बघत होतं. सकाळपर्यंत किती होईल? आणि जिन्यातल्या नर्सबाई. त्या ठकीबद्दल बोलतच नव्हत्या. त्या बाळाच्या खोलीतून बाहेर आल्या होत्या. त्यांनी वजन बाळाचं केलं होतं, पण बघितलं होतं त्याच्या आईकडे.

"आत्या!"

आत्या दारात आल्या. मी सांगायच्या आधीच त्यांनी पलंगावर बघितलं. दोन पोरं.

"रोज ती याला बरोबर घेऊन बसायची," त्या म्हणाल्या. "आज का ठेवून गेली? आणि आपण शहाण्या, पहारा ठेवायचा म्हणून भरलेली गाडी तशीच सोडून आलो. नव्वद टक्के. आज तिच्याकडे अडीचशे किलोमीटर आहेत!"

६

बाबांना हलवून बाळांपाशी बसवलं. लिफ्ट सातव्या मजल्यावर अडकलेली. मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. स्वप्नात उतरतो तसा. पायऱ्या संपतच नाहीत आणि पाय मात्र दुसऱ्याच कोणाचे.

तळघरात निळा उजेड. अकरा जागा. आमची जागा...

गाडी तिथेच होती.

तिच्या नाकातून केबल भिंतीकडे गेलेली. बाबा! पाळी नसताना, आमची पाठ वळताच, टाकी फुल्ल करायला त्यांनी गुपचूप केबल लावून दिली होती. एकतीस वर्षांची सवय. केबल लावलेली असेपर्यंत ही गाडी तसूभर हलत नाही.

काचेआड धाकटी बसली होती. दोन्ही हात चाकावर. डोळे उघडे, पण कुठेच बघत नसलेले. हिरव्या आकड्यांचा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. ९६.

मी दुसऱ्या बाजूचं दार उघडून शेजारी बसले. आत्या मागे बसल्या. गाडीत इतकी शांतता होती की मला तिचं गिळणं ऐकू आलं.

"केबल काढायला उतरावं लागतं, ताई," ती म्हणाली, जणू मी काही विचारलं होतं. "उतरायचं बळच आलं नाही. म्हटलं, शंभर होऊ देत. शंभर झाले की उतरायचं आणि निघायचं. पण शेवटचे टक्के फार हळू भरतात."

"हो. फार हळू."

"रोज ठरवायचे. पण बसून बसून रस्ताच कमी व्हायचा. सोमवारी एकशे सहा, मंगळवारी अठ्ठ्याहत्तर. एसी लावल्याशिवाय बाळाला ठेवता येत नव्हतं आणि एसी सगळे किलोमीटर खायचा."

"कुठे जाणार होतीस?"

"एकशे पाच किलोमीटरवर रस्ता संपतो." परत यायचं तिने धरलंच नव्हतं, हे मला समजलं.

"बाळाला आज वर का ठेवलंस?" आत्यांनी मागून विचारलं. सरळ, मीटरचा आकडा विचारावा तसं.

धाकटी पहिल्यांदा हलली. "त्याला तुमच्याकडे बरं राहील. मला त्याच्याकडे बघून काही होत नाही, आत्या. काहीच होत नाही. सगळे विचारतात, वजन किती, दूध पितो का, रात्री उठतो का. मी सगळं बरोबर सांगते. आतून मात्र... इंजिन बंद असल्यासारखं वाटतं. कोणाला कळतच नाही, बंद आहे का चालू."

माझ्या तोंडात आलं होतं, अगं मला सांगायचंस ना. मी ते गिळलं. मी दिवसातून वीस वेळा तिच्या खोलीत डोकावत होते आणि वीसही वेळा पाळण्यात बघून परत येत होते.

मी तिचा हात चाकावरून काढून माझ्या हातात घेतला. तो गार होता, बाळाच्या गालासारखा.

"केबल मी काढते," आत्या म्हणाल्या. "पण गाडी ही चालवेल, तू नाहीस. आपण तिघी जायचं, नर्सबाईंच्या दवाखान्यात. अकरा किलोमीटर जाऊन अकरा परत."

पडद्यावर ९७ उमटलं.

७

त्याच दुपारी आम्ही तिला नर्सबाईंच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई दोन तास तिच्याशी बोलल्या. आमच्यापैकी कोणाशीच नाही. या आजाराला नाव आहे, त्याला औषध आहे, आणि काही दिवस तिला एकटं सोडायचं नाही, एवढंच आम्हाला सांगितलं. भाऊजी कारखान्यातून भुशासकट आले आणि दवाखान्याच्या बाकावर हमसून रडले. त्यांनी रजा टाकली. रात्रीचं बाळ त्यांच्याकडे, दिवसाचं आळीपाळीने सगळ्यांकडे. चार्जिंगच्या पाळ्यांसारखा कागद बाबांनी आखून फ्रिजवर लावलाय. तिच्या नावापुढे त्यांनी बराच काळ एकच शब्द लिहिलेला होता: झोप.

ती बरी होतेय. शेवटचे टक्के हळूच भरतायत. परवा बाळाने तिचा कान ओढला आणि ती चिडली. इतकं बरं वाटलं मला त्या चिडण्याने!

रविवारच्या बैठकीत बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी. मावशींचा काही संबंध नाही." कारण विचारलं तर म्हणाले, "घरातली गोष्ट आहे," आणि बसले. नंतर मी तळघरात जाऊन मावशींना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं ना?

"मागच्या सीटवर दुधाचा डाग असायचा रोज," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या सीटवर भिजलेले रुमाल. एकदा एक गाडी राहिली म्हणून दुपारी आले होते, तेव्हा बघितलंही. काय सांगू? ती तेवढीच एक जागा होती तिला. ती पण घालवू?" मग फडकं पिळता पिळता थांबल्या. "पण चुकलंच माझं. तुम्हाला तरी सांगायला हवं होतं. माझी पोरगी रागावली मला."

बाबांच्या वहीत आता तिसरा रकाना आहे. मी चोरून वाचला. शुक्रवारच्या तारखेपुढे लिहिलंय: 'पेट्रोल असतं तर पाच मिनिटांत भरून गेली असती.' खाली रेघ. रेघेखाली काही नाही.

मी हे का लिहिलं? रहस्य तर आत्यांनी कधीच सोडवलं. मी लिहिलं कारण जिन्यातली ती सावली अजून माझ्या दारापलीकडे उभी आहे, आणि या वेळी मला दार लावून घ्यायचं नाही.

तुमच्या घरात, नाहीतर वरच्या मजल्यावर, नाहीतर फोनच्या यादीत कोणीतरी नवी आई असेल. बाळ बघायला तुम्ही जाऊन आला असाल. ते कोणासारखं दिसतं यावर वाद घालून झाला असेल. सगळं विचारलं की बरोबर सांगते ना ती? तिचा आवाज मागे कधी आला होता, आठवतंय?

हे पान उलटं ठेवा. बाकी काही उरलेलं नाही वाचायला. उठा, आणि तिच्याकडे जाऊन या. बाळ झोपलं असेल तर उठवू नका. तिच्या शेजारी बसा, आणि विचारा.